पट्टा गेला, पण निम्मे फ्लॅशही गेले: स्ट्रोबखाली सोनी अल्फा ९ मार्क ३

संपादक मित्राचा फोन रात्री आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "अगं, तुझ्या फ्रेममध्ये पडदा कोण ओढतंय?"

मला वाटलं थट्टा करतोय. मग त्याने एकामागून एक सहा फ्रेम पाठवल्या. नृत्याच्या प्रयोगातला शेवटचा तुकडा, बारा सेकंदांचा, जिथे सगळे दिवे उतरतात आणि फक्त पांढरा स्ट्रोब, म्हणजे भराभर फ्लॅश उडवणारा दिवा, चालतो. पहिल्या फ्रेममध्ये वरची एक षष्ठांश पट्टी उजळलेली, बाकी काळोख. दुसरीत नाचणारीचं डोकं आणि वर उचललेले हात. तिसरीत ती कमरेपर्यंत. सहाव्या फ्रेममध्ये ती पूर्ण दिसते, हवेत, पाय पोटाशी घेतलेले. आणि पुढच्या सहांत काळोख वरून खाली उतरायला लागतो. पडदाच. सेकंदाला एकदा वर आणि एकदा खाली.

पंधरा वर्षं रंगमंचावरचं शूटिंग करतेय, त्यामुळे हा प्रकार मला माहीत नव्हता असं म्हणणार नाही. माहीत होता. पण तुरळक फ्लॅशमध्ये एखादी अर्धी फ्रेम येणं वेगळं आणि सलग बारा सेकंद पडदा वरखाली होणं वेगळं. प्रयोग दोनच होते. पहिला हातातून गेला होता, दुसरा आठ दिवसांनी. म्हणून त्या दुसऱ्या प्रयोगासाठी सोनीचा अल्फा ९ मार्क ३ भाड्याने आणला. हे परीक्षण त्या आठवड्याचं आहे. फोटोंसाठी या कॅमेऱ्यावर भरपूर लिहून झालंय, पक्षी आणि खेळाडू सगळ्यांनी टिपलेत. मला फक्त एवढंच सांगायचंय की लखलखत्या दिव्यांखाली व्हिडिओ घेताना तो काय करतो आणि काय करत नाही.

आधी माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं. त्याचं नाव घेत नाही कारण तो बिचारा चारचौघांसारखाच आहे. सेन्सर एका दमात वाचला जात नाही, वरच्या ओळीपासून सुरुवात करून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो. यालाच रोलिंग शटर म्हणतात. माझ्याकडच्या कॅमेऱ्याला वरून खाली यायला साधारण २० मिलिसेकंद लागतात. हा आकडा कंपनी सांगत नाही, मी घरी काढला. ज्याचा प्रकाश विजेच्या तालावर हेलकावतो असा एखादा साधा एलईडी बल्ब घ्यायचा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे तो सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एकदा. पांढऱ्या भिंतीवर त्याचा उजेड टाकायचा, शटर १/२००० (सेकंदाचा दोन हजारावा भाग) करायचं आणि फ्रेममध्ये उजळ-काळ्या पट्ट्यांच्या जोड्या मोजायच्या. माझ्या फ्रेममध्ये दोन जोड्या आणि वर एक चिटोरा. दोन गुणिले दहा, वीस. झालं. कॅमेरा कोणताही असो, विकत घेण्याआधी ही मोजणी दुकानातसुद्धा पाच मिनिटांत होते.

आता स्ट्रोबचा फ्लॅश एक मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. मी सेकंदाला २५ फ्रेमवर, १/५० शटरने घेत होते. म्हणजे प्रत्येक ओळ ४० मिलिसेकंदांपैकी २० उघडी आणि २० बंद, आणि वरची ओळ खालच्या ओळीच्या २० मिलिसेकंद पुढे. फ्लॅश उडाला त्या क्षणी ज्या ओळी उघड्या होत्या त्यांनाच तो मिळाला. ऑपरेटरच्या कन्सोलवर स्ट्रोबचा वेग सेकंदाला १२ लावला होता. दोन फ्लॅशमध्ये ८३.३ मिलिसेकंद, दोन फ्रेममध्ये ८०. म्हणजे प्रत्येक फ्लॅश फ्रेमच्या हिशोबाने ३.३ मिलिसेकंद उशिरा येतो आणि उजेडाची कड फ्रेमच्या उंचीच्या एक षष्ठांशाने खाली सरकते. बारा फ्लॅशमध्ये एक फेरी. मित्राला दिसलेला पडदा तो हाच. १४४ फ्लॅश उडाले, त्यातले पूर्ण फ्रेमभर उजळलेले जेमतेम बाराएक.

हे गणित मी पहिल्या प्रयोगाच्या आधी केलं असतं तर कॅमेरा भाड्याने आणायची वेळच आली नसती, पण ते पुढे येईलच.

अल्फा ९ मार्क ३ नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा) सेन्सर आणि त्यावर ग्लोबल शटर, असा लेन्स बदलता येणारा हा पहिला कॅमेरा. ग्लोबल शटर म्हणजे सगळ्या ओळी एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी मिटतात. ही कल्पना नवी नाही. सीसीडी जातीच्या सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यांत ओळींची भानगड नव्हती. तिथे दुखणं वेगळं, झगझगीत दिव्यातून वरखाली जाणारी पांढरी रेघ. सिनेमाच्या कॅमेऱ्यांत सोनीच्याच एफ५५ मध्ये ग्लोबल शटर होतं, एफ६५ मध्ये तर चक्क फिरणारं यांत्रिक शटर बसवलं होतं, आणि रेड कंपनीच्या कोमोडो कॅमेऱ्यात ग्लोबल शटर २०२० पासून आहे. पॅनासॉनिकने काही न्यूज कॅमेऱ्यांत दुसरी वाट काढली होती: फ्लॅशचा पट्टा ओळखायचा आणि शेजारच्या फ्रेमच्या आधाराने कॅमेऱ्यातच बुजवायचा. पत्रकार परिषदांत जन्म घालवलेल्या कॅमेरामन मंडळींना ते बटण आठवत असेल.

पेटीतून काढला तेव्हा हातात ओळखीचाच वाटला. बॅटरी आणि कार्डासह ७०३ ग्रॅम. बॅटरी माझ्याकडच्याच जातीची निघाली, त्यामुळे चार जादा बॅटऱ्या आपोआप मिळाल्या. सेन्सर २४.६ मेगापिक्सेलचा, व्हिडिओ ४के, आणि सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेम घेतानाही चित्र कडेने कापलं जात नाही. यांत्रिक शटर या कॅमेऱ्यात नाहीच. लेन्स काढली की सेन्सर उघडा तुमच्याकडे बघत असतो. विंगेतल्या धुळीत लेन्स बदलायची माझी सवय त्या आठवड्यात सुटली, हा एक अनपेक्षित फायदा.

पहिल्या रात्री तोच बल्ब, तीच भिंत, १/२०००. पट्ट्या गायब. स्वच्छ, सपाट भिंत. मी खुर्चीवरून उठून एक गिरकी घेतली, कबूल करते. मग क्लिप सलग पाहिली आणि परत बसले. पट्ट्या नव्हत्या, पण भिंत श्वास घेत होती. सगळी फ्रेम हळूहळू उजळायची, हळूहळू मंदावायची. सरळ आहे: बल्ब लुकलुकायचा थांबलेला नाही. आधी ते लुकलुकणं एकाच फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत पसरायचं, आता ते फ्रेमागणिक पसरतं. २५ फ्रेमवर श्वास संथ होता, कारण १०० ला २५ ने नि:शेष भाग जातो आणि विजेची वारंवारता जरा इकडेतिकडे झाली तेवढाच फरक पडतो. २४ फ्रेमवर तीच भिंत सेकंदाला चार वेळा फडफडायला लागली. इलाज जो जुन्या कॅमेऱ्यात तोच इथे: शटर १/५० किंवा १/१००, जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे १/६० किंवा १/१२०. डिम केलेल्या एलईडीचं लुकलुकणं विजेच्या तालावर नसतं, ज्याचा त्याचा वेग वेगळा, तिथे शटर दशांशाने वरखाली करून जुळवावं लागतं. तशी सोय या कॅमेऱ्यात आहे आणि ती चांगली चालते. पण ग्लोबल शटर घेतलं म्हणजे फ्लिकर मिटलं, असं कोणी सांगितलं तर त्याला या भिंतीसमोर आणून बसवा.

खरी गंमत दुसऱ्या रात्री. माझ्या फ्लॅशगनमध्ये ठरावीक वेगाने एकामागून एक फ्लॅश उडवायची सोय आहे. सेकंदाला १० वर लावली. खोलीत काळोख, समोर टेबल फॅन, पात्याला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा. कॅमेरा २५ फ्रेम, १/५०. नेहमीचं, पाठ असलेलं सेटिंग. हात आपोआप तिथे जातो.

क्लिप पाहिली. पट्टा एकही नाही. दिसलेला प्रत्येक फ्लॅश फ्रेमभर, पातं आरशासारखं स्पष्ट, चिकटपट्टीची फाटकी कडसुद्धा दिसतेय. पण काहीतरी चुकत होतं. डोळ्यांनी पाहिलेला स्ट्रोब भरभर होता, हा रेंगाळत होता. फ्रेम मोजल्या. दोन उजळ फ्रेममध्ये पाच फ्रेमचं अंतर. पाच फ्रेम म्हणजे २०० मिलिसेकंद. सेकंदाला पाच फ्लॅश. निम्मे कुठे गेले?

बंद दारावर आपटून परत गेले. १/५० शटर म्हणजे ४० पैकी २० मिलिसेकंद दार बंद. जुन्या कॅमेऱ्यात ओळी वेगवेगळ्या वेळी बंद असतात, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या ओळीला फ्लॅश मिळतोच, अर्धामुर्धा का होईना. ग्लोबल शटरमध्ये सगळ्या ओळी एकदम बंद. फ्लॅश मिळाला तर अख्खा, नाही तर शून्य. सेकंदाला दहाच्या वेगाने तर बरोबर एकाआड एक गेला. मग मी प्रयोगाचा वेग, सेकंदाला १२, लावून पाहिला. सहा फ्लॅश दिसले, सहा गेले. अर्धा सेकंद लखलखाट, अर्धा सेकंद मिट्ट काळोख, पुन्हा लखलखाट. नाचाच्या तालाशी काडीचा संबंध नसलेला एक नवाच ताल कॅमेऱ्याने स्वतः बसवला होता. पडदा परवडला असं वाटायची वेळ आली. आणि याची जाहिरातीत कुठे ओळ नसते, कारण यात कॅमेऱ्याची चूक काहीच नाही. १/५० मी लावलं होतं.

उत्तर त्याच मेन्यूत होतं. शटर १/२५. दार बंदच करायचं नाही. एक फ्रेम संपली की लगेच दुसरी. एरवी २५ फ्रेमला १/२५ लावलं तर हालचाल खिमटासारखी पातळ होते, म्हणून आपण ते टाळतो. पण काळोखात स्ट्रोब असेल तर हालचाल गोठवायचं काम शटरचं नसतंच, ते फ्लॅश करतो. एक मिलिसेकंदाचा उजेड, पुढचे-मागचे ३९ काळोखाचे. पातं पुन्हा तितकंच धारदार आलं आणि या वेळी बाराच्या बारा फ्लॅश हजर.

रंगीत तालमीला हे घेऊन गेले. दिव्यांवर बसलेले दादा माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाले, "तुम्ही कॅमेऱ्यावाले स्ट्रोब कमी करा म्हणायलाच येता ना?"

"नाही दादा. तुमचा स्ट्रोब तसाच ठेवा. निळा थोडा उतरवता येईल का?"

त्यांनी वळून पाहिलं. असं कोणी मागत नसावं.

निळ्याचं कारण असं. त्या तुकड्यात सगळे दिवे उतरतात असं मी वर म्हटलं ते तंतोतंत खरं नाही, मागे एक मंद निळा दिवा राहतो, नाचणाऱ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. १/५० वरून १/२५ वर आलं की या सततच्या निळ्या उजेडाला दुप्पट वेळ मिळतो, फ्लॅश मात्र होता तेवढाच राहतो, कारण तो दोन्हीकडे पूर्ण मावतो. त्यामुळे फ्लॅशच्या मानाने निळा एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वर आला आणि प्रत्येक गोठलेल्या अंगाभोवती एक निळं पुसट भूत हलायला लागलं. नृत्यदिग्दर्शिका ताईंना मॉनिटरवर ते फार आवडलं. "राहू दे की गं, छान दिसतंय." मला आवडलं नाही; हाताची बोटं त्या निळ्यात विरघळत होती. शेवटी दादांनी निळा निम्मा केला, ताईंनी मान डोलावली, नाचणाऱ्या मुलींनी कुरकुर केली आणि रंगमंचावर अंधारात चमकणाऱ्या खुणांच्या चिकटपट्ट्या वाढल्या.

स्ट्रोब एलईडीचा असेल आणि फ्लॅशची लांबी वाढवता येत असेल तर आणखी एक युक्ती दादांकडून कळली: लांबी वाढवून घ्यायची. ग्लोबल शटरला १/५० वर २० मिलिसेकंदांपेक्षा लांब फ्लॅश पूर्ण चुकवताच येत नाही, काही ना काही आत येतंच. पण फ्लॅश लांबला की हालचाल गोठायची थांबते, आणि स्ट्रोबची सगळी जादू तिथेच आहे. आम्ही करून पाहिलं आणि सोडून दिलं.

प्रयोगाच्या रात्री बारा सेकंदांत १४४ फ्लॅश, मी नंतर फ्रेम फ्रेम करून मोजले, सगळे अख्खे. एकही पट्टा नाही. ती उडी, पाय पोटाशी घेतलेली, या वेळी एका सेकंदाला नव्हे तर प्रत्येक फ्लॅशला पूर्ण दिसते. एक फ्रेम अशी आहे की ओढणीचं टोक तिच्या चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबलंय आणि त्याची सावली गालावर पडलीय, कापल्यासारखी. रोलिंग शटरमध्ये ही सावली आणि ही ओढणी एकत्र भेटणं नशिबावर होतं.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत. ग्लोबल शटरसाठी प्रत्येक पिक्सेलला आपला प्रकाश वाचला जाईपर्यंत साठवून ठेवायला वेगळी जागा लागते. ती जागा कुठून तरी काढावी लागते, आणि त्याची किंमत काळोखात मोजावी लागते. याचा सर्वांत खालचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, २५० आहे. रंगमंचावर खालचा कोणाला हवाय म्हणा, पण तोच हिशोब वरच्या टोकालाही लागतो. आयएसओ ६४०० वर काळ्या कपड्यांत जो खरखरीत दाणा दिसला तो माझ्या जुन्या, साध्या कॅमेऱ्यात कमी असतो. मी दोन्ही शेजारी लावून पाहिले. नाटकातला मेणबत्तीच्या उजेडाचा प्रवेश घ्यायचा असेल तर मी हा कॅमेरा नेणार नाही.

मागच्या एलईडी पडद्यानेही एकदा फसवलं. प्रयोगात पडदा नव्हता, पण तालमीच्या सभागृहात होता, म्हणून सहज १/१००० वर क्लिप घेतली. चित्रात आडव्या काळ्या ओळी. मला वाटलं रोलिंग शटर परत आलं की काय. नाही. अशा पडद्यांवर सगळ्या ओळी एकाच वेळी पेटलेल्या नसतात, पाळीपाळीने पेटतात. ग्लोबल शटरने त्या क्षणी जे होतं ते प्रामाणिकपणे दाखवलं. डोळा ज्याला पडदा म्हणतो तो कॅमेऱ्याच्या लेखी ओळींची शर्यत आहे. शटर संथ केलं की ओळी भरून आल्या. आणि लेसरबद्दल: लेसरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर जळू शकतो, हाही, तोही, कोणताही. ग्लोबल म्हणून सूट नाही. लेसर असलेल्या कार्यक्रमाला भाड्याचा कॅमेरा नेताना अनामत रक्कम आठवत राहावी.

सगळ्यांत अनपेक्षित अडचण मात्र चांगल्या चित्रातूनच आली. सेकंदाला बारा वेळा अख्खी फ्रेम पांढरीफटक, मधे काळोख. हे मोबाइलवर डोळ्यांजवळ धरून पाहणं त्रासाचं आहे, आणि प्रकाशसंवेदी अपस्मार असणाऱ्यांना धोक्याचं. वेबसाठीचे सुगम्यतेचे निकष सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको म्हणतात. पट्ट्यांच्या चित्रात निदान निम्मी फ्रेम काळी होती! इथे कॅमेऱ्याने काम इतकं चोख केलं की ते तसंच लोकांसमोर ठेवता येईना. वाचवलं ते संथगतीने. तालमीत मी तोच तुकडा सेकंदाला १०० फ्रेमवर, १/१०० शटरने घेऊन ठेवला होता, केवळ हौसेने. २५ वर चालवला की चौपट संथ, बाराचे होतात नेमके तीन. वेबवर तोच गेला, सुरुवातीला सूचनेची पाटी लावून. मूळ वेगाचा तुकडा ताईंच्या संग्रहात राहिला.

पत्रकार परिषदा किंवा गर्दीतले फोटोग्राफर असतील तर हिशोब उलटा होतो. तिथे फ्लॅश आपल्याला हवेच नसतात. स्ट्रोबखाली ज्याने मला रडवलं तेच तिथे कामाला येतं: शटर १/१०० केलं की दार ४० पैकी ३० मिलिसेकंद बंद, चारातले तीन फ्लॅश चित्रात येतच नाहीत आणि आलेला एखादा अख्खी फ्रेम उजळून जातो. तो डोळ्याला साधा फ्लॅश वाटतो, बिघाड वाटत नाही. असल्या कामासाठी हा कॅमेरा मी डोळे मिटून घेईन.

राहिला पहिल्या प्रयोगाचा माल. संपादक मित्राने आधी डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधलं डीफ्लिकर, म्हणजे लुकलुकणं घालवायचं साधन, टाकून पाहिलं. ट्यूबलाइटच्या सरकत्या पट्ट्या ते बऱ्यापैकी घालवतं, पण इथे उजळ भाग पांढरा आणि अंधारा भाग खरोखर रिकामा. जे टिपलंच नाही ते बरोबरीला आणणार कुठून? शेवटी त्या तुकड्यात त्याने अख्खे आलेले फ्लॅश तेवढे ठेवले आणि बाकीच्या जागी काळ्या फ्रेम टाकल्या. सेकंदाला एक फ्लॅश. वेगळाच नाच झाला तो.

पण त्यामुळे मला एक खोड लागली. कॅमेरा परत करायच्या आदल्या रात्री मी माझा जुना कॅमेरा त्याच टेबल फॅनसमोर लावला, सेकंदाला १२, आणि या वेळी १/२५. निम्मे फ्लॅश आपोआप अख्खे आले. उरलेले निम्मे फाटलेले, पण हरवलेले नाहीत: खालचा भाग एका फ्रेममध्ये, वरचा पुढच्या फ्रेममध्ये. मी मास्क काढून, म्हणजे फ्रेमचा हवा तेवढाच भाग वेगळा करून, कडा पुसट करून ते शिवत बसले. तासभर. मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "अगं ताई, सगळं काळंच आहे ना भोवती? आधीची फ्रेम नंतरच्या फ्रेमवर ठेव आणि लाइटन मोड लाव." ठेवली. लावला. लाइटनमध्ये दोन फ्रेमपैकी जिचा ठिपका जास्त उजळ तोच दिसतो. पात्याचे दोन तुकडे जुळले आणि शिवण दिसेना, कारण दोन्ही तुकडे एकाच फ्लॅशचे, एकाच क्षणाचे. चिकटपट्टीची फाटकी कड एका फ्रेममधून दुसरीत अलगद गेली. आधीच्या फ्रेममधली उरलेली अर्धी चमक तिच्या आधीची काळी फ्रेम टाकून झाकायची. बारा सेकंदांच्या तुकड्यात अशा सत्तरेक जोड्या निघतील. एक संध्याकाळ.

ज्यांच्या सेन्सरला वरून खाली यायला आठच मिलिसेकंद लागतात त्यांना १/२५ वर पाचातले चार फ्लॅश अख्खेच मिळतील, शिवणकाम पाचव्याचं तेवढं. मागे उजेड असेल, निळा जोरात असेल, तर मात्र लाइटनने भागत नाही आणि मास्क करावेच लागतात. तेव्हा ग्लोबल शटरचं मोल कळतं. रोज फ्लॅशच्या गर्दीत काम असेल, किंवा त्याच दिवशी चित्रीकरण द्यायचं असेल आणि शिवत बसायला संध्याकाळ नसेल, तर अल्फा ९ मार्क ३ घ्या. वर्षातून दोन-तीन स्ट्रोबचे प्रयोग असतील तर भाड्याने आणा. आणि आणण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्यावर १/२५ लावून एक रात्र टेबल फॅनसमोर बसा.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत केला. तिथल्या मुलाने सेन्सरवर टॉर्च मारून धूळ आहे का पाहिलं, नव्हती. "कसा वाटला मॅडम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, छान आहे, पण मेन्यूत शटर १/२५ वर राहिलंय, पुढच्याला द्यायच्या आधी बदल.